जांगडची चिठ्ठी कुठवर चालते?

तुम्ही विचारलंय की कायदे, कर, करार अशा औपचारिक आणि रूढी, ओळखी, विश्वास अशा अनौपचारिक संस्था जागतिक व्यवसायाचं धोरण कसं घडवतात, आणि त्यासाठी मुंबईतलं उदाहरण हवंय. व्याख्या डग्लस नॉर्थ यांच्या (1993 चं अर्थशास्त्राचं नोबेल) कुठेही मिळतील. आपण थेट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात, भारत डायमंड बोर्समध्ये जाऊ.

इथे पॉलिश मालाचं पाकीट विक्रीआधी दलालाकडे जांगडवर, म्हणजे पसंत पडलं तर घ्या नाहीतर परत करा अशा बोलीवर, जातं. चिठ्ठीवर नग, कॅरेट, भाव आणि परतीची मुदत लिहिलेली असते. मालकी विकणाऱ्याकडेच राहते. गिऱ्हाइकाने भाव बोलला की पाकीट सील होतं आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला दाखवायचं नसतं. पटलं तर सौदा तोंडीच. सुरतेचा माल आंगडिया, म्हणजे विश्वासावर चालणारा पारंपरिक खासगी कुरिअर, आणतो. एवढ्या किमती मालामागे तारण नसतं, वर दिवाणी दाव्याला वर्षं लागतात आणि हिरा खिशात मावतो. पालनपुरी-काठियावाडी पेढ्यांत मात्र कोणी पैसे बुडवले हे बाजारभर व्हायला वेळ लागत नाही, आणि मग त्याला उधार माल कोणी देत नाही. कोर्टापेक्षा ही भीती जास्त काम करते. म्हणूनच अँटवर्प किंवा हाँगकाँगला शाखा काढताना आधी भाऊ नाहीतर भाचा पाठवला जातो, वकील नंतर शोधला जातो.

पण अनौपचारिक म्हणजे कायद्याबाहेरचं, असं समजू नका. जांगडवर पाठवलेल्या मालासोबत जीएसटीचं डिलिव्हरी चलान (माल पाठवल्याचा कागद) लागतं. सहा महिन्यांत माल विकला गेला नाही आणि परतही आला नाही, तर तो पुरवठा धरून बीजक काढावं लागतं. परदेशात पसंतीसाठी पाठवलेल्या मालालाही हीच मुदत आहे. नवखा निर्यातदार इथेच अडकतो. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे 'अजून महिनाभर राहू द्या' म्हणतो, आणि कायद्याचे सहा महिने उलटून जातात.

पत जिथे ओळखीवर टिकते तिथे ओळख संपली की पतही संपते. 2018 साली पंजाब नॅशनल बँकेतला हिरे व्यापाऱ्यांशी जोडलेला घोटाळा उघड झाल्यावर रिझर्व्ह बँकेने 13 मार्चला लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे बँकेचं हमीपत्रच, बंद केलं. आयातीसाठी परदेशी बँकांकडून स्वस्त उधारी मिळवण्याचा तो रस्ता होता. बाजारात ज्यांचं नाव स्वच्छ होतं त्यांच्यासाठीही तो बंद झाला, कारण नियम माणूस बघून लागू होत नाही.

करकायदा धोरण कसं वळवतो तेही इथेच दिसतं. बोर्समध्ये कच्च्या हिऱ्यांसाठी खास अधिसूचित क्षेत्र आहे. 2016 च्या दुरुस्तीनुसार परदेशी खाणकंपनीने तिथे माल नुसता मांडला तर तिचं उत्पन्न भारतात झालं असं धरत नाहीत. ही सवलत दाखवण्यापुरती होती, विकण्यासाठी नव्हे. त्यामुळे बघणं मुंबईत आणि विक्रीचा कागद परदेशात, ही मांडणी सोयीची ठरत होती. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात विक्रीसाठी सेफ हार्बर दर (ठरावीक टक्का नफा धरून कर, म्हणजे वाद नको) आणण्याची घोषणा झाली ती याचसाठी. उलट बोत्सवानाने कच्चा माल हवा तर पैलू आमच्याकडे पाडा असा आग्रह धरला, आणि भारतीय पेढ्यांना तिथल्या राजधानीत, गॅबरोनला, कारखाने काढावे लागले. डी बिअर्स या बड्या हिरे खाणकंपनीचं विक्रीचं काम 2013 मध्ये लंडनहून तिथेच गेलं.

आता सगळ्यात अवघड भाग. रशियन कच्च्यापासून घडवलेल्या हिऱ्यांवर, ते तिसऱ्या देशात पैलू पाडलेले असले तरी, अमेरिकेने 1 मार्च 2024 पासून 1 कॅरेट व त्यावर आणि 1 सप्टेंबर 2024 पासून अर्धा कॅरेट व त्यावर बंदी घातली. किंबर्ली प्रमाणपत्र (हिरा बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारा नाही याची सरकारी ग्वाही) फक्त कच्च्या मालाबरोबर येतं आणि त्यावर मूळ 'मिश्र' असंही असू शकतं. कारखान्यात चाळणी आणि दर्जाप्रमाणे पाकिटं एकत्र झाली की मूळ कळत नाही, आणि ओळखीच्या व्यापाऱ्याचा शब्द अमेरिकी कस्टम्सला चालत नाही. म्हणून अमेरिकेसाठीचा माल कच्च्या हिऱ्यांच्या बीजकापासूनच वेगळा ठेवा, प्रत्येक लॉटला प्रमाणपत्राचा क्रमांक पॉलिशपर्यंत लावा, आणि जांगडच्या चिठ्ठीवरही तो क्रमांक लिहा. दलाल कुरकुरतील. वेगळ्या लॉटमुळे वर्गवारीचा खर्च वाढतो, तो भावात आधीच धरा.