वाचकांचे प्रश्न : फॉर्म्युला सुटला तर पुढं काय?

या वेळी बरीच पत्रं रेसिंगवर आलीत, फॉर्म्युला म्हणजे एका सीटच्या उघड्या रेसिंग गाड्या सोडून एंड्युरन्सला, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या लांब रेसला जाण्याबद्दल. पहिलं पत्र एका वडिलांचं आहे आणि त्याला जागा जास्त गेलीय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. कार्टिंग केलं, मग कोइम्बतूर-चेन्नईला फॉर्म्युला एलजीबी, मग एक सीझन बाहेर फॉर्म्युला फोर. पोडियम आले, पण त्याच्या वरच्या पायरीचा, फॉर्म्युला थ्रीचा खर्च ऐकून मी हात टेकले. आता कोच म्हणतो जीटी गाड्यांमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांमध्ये जा, एंड्युरन्स कर. पोरगा घरात धड बोलत नाही आणि नातेवाईक म्हणून रायले की फॉर्म्युला वन जमलं नाही म्हणून आता टॅक्सी चालवणार का. हे खरंच खाली उतरणं आहे का?
— एक वडील, मनीषनगर

उत्तर : काका, आधी नातेवाइकांचं बघू. २०२५ च्या वर्ल्ड एंड्युरन्स चॅम्पियनशिपमध्ये वरच्या हायपरकार क्लासला फेरारी, टोयोटा, पोर्शे, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, प्यूजो, अल्पीन आणि अ‍ॅस्टन मार्टिन अशा आठ कंपन्या उतरल्या होत्या. अशी टॅक्सी मिळत असेल तर माझंही नाव लिहून घ्या.

आता खरं बोलू. २०२६ ला कॅडिलॅकची अकरावी टीम आली तरी फॉर्म्युला वनच्या सीट होतात २२, सगळ्या जगात मिळून. आपल्याकडून तिथं रेस केलेले दोघंच, २००५ ला नारायण कार्तिकेयन आणि २०१० ला करुण चंडोक, आणि २०१२ नंतर एकही भारतीय त्या ग्रिडवर दिसलेला नाही. त्याच्या खालच्या फॉर्म्युला टूचा एक सीझन वीस ते तीस कोटींच्या घरात जातो असं रेसिंगवाले सांगतात, आणि तो खर्च करूनही वर जागा रिकामी होईलच असं कोणी लिहून देत नाही. म्हणजे तुमचा पोरगा कमी पडला का, तर तसं म्हणताच येत नाही, कारण तिथपर्यंत त्याची परीक्षाच झाली नाही, पैसा आधी संपला. हे एकदा त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या, कोच कितीही बोलला तरी बापानं म्हटलेलं वेगळं लागतं.

दुसरीकडे फ्रान्समधल्या ल मां २४ तास या एकाच रेसच्या यादीत ६२ गाड्या असतात आणि गाडीमागे तीन ड्रायव्हर, म्हणजे १८६ नावं. ती रेस १९२३ पासून चालूय. त्याखाली युरोपात, आशियात, अमेरिकेत जीटी३ आणि तिच्याखालच्या, स्वस्तातल्या जीटी४ च्या सिरीज आहेत त्या वेगळ्याच. काम मिळण्याची शक्यता कुठं जास्त ते उघड आहे.

आणि तिकडे गेलेले लोक काही टाकाऊ नाहीत हो. न्यूझीलंडचा ब्रेंडन हार्टली बघा, २०१० ला रेड बुलनं त्याला ज्युनियर प्रोग्रॅममधून काढलं, तेव्हा तो विशीतच होता, तुमच्या मुलाच्याच वयाचा. तो स्पोर्ट्स कारकडे वळला, पोर्शेत पोचला, २०१५ ला मार्क वेबर आणि टिमो बर्नहार्डबरोबर एंड्युरन्सचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, २०१७ ला ल मां जिंकला आणि त्याच वर्षी ज्या रेड बुलनं काढलं होतं त्यांच्याच टोरो रोसो टीममधून त्याला फॉर्म्युला वनची सीट मिळाली. तिथं तो २०१८ च्या शेवटापर्यंत टिकला, मग पुन्हा एंड्युरन्सला आला आणि २०२० आणि २०२२ ला टोयोटातून अजून दोनदा ल मां घेऊन गेला. यात खाली काय आणि वर काय ते तुम्हीच सांगा.

आपल्यातलं बघायचं तर बेंगळुरूचा अर्जुन मैनी २०१८ ला फॉर्म्युला टूमध्ये होता, २०१९ ला एलएमपी२ मधून, म्हणजे हायपरकारच्या खालच्या क्लासमधून ल मां धावला आणि २०२१ पासून जर्मनीच्या डीटीएम सिरीजमध्ये जीटी३ चालवायला लागला. पण तुमच्या मुलाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण अखिल रबींद्रचं, तोपण बेंगळुरूचाच. ब्रिटिश फॉर्म्युला थ्री करून तो सरळ युरोपियन जीटी४ ला गेला आणि पुढं अ‍ॅस्टन मार्टिनच्या ड्रायव्हर अकॅडमीत घेतला गेला. मोठ्या नावांच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण तुम्ही जीटी४ च्या रस्त्याची चौकशी करा, तुमच्या ऐपतीजवळचा तोच आहे.

आता यातली मेख. एंड्युरन्समध्ये एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संस्था ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ असं रेटिंग देते. फॉर्म्युला वनवाले वगैरे प्लॅटिनम. तिशीच्या आतला आणि अजून मोठं काही न जिंकलेला मुलगा साधारण सिल्व्हरमध्ये येतो. एलएमजीटी३ (ल मांचा जीटी३ क्लास) सारख्या क्लासमध्ये गाडीत एक ब्रॉन्झ, म्हणजे शौकीन ड्रायव्हर ठेवावाच लागतो, त्याच्या जोडीला सहसा एक सिल्व्हर आणि एक कंपनीचा पक्का प्रोफेशनल. त्यामुळे टीम शोधत असते असा सिल्व्हर जो कागदावर सिल्व्हर आहे पण घड्याळावर गोल्डसारखा पळतो. तुमच्या मुलाची आत्ताची किंमत ही आहे, त्याच्या ट्रॉफ्या नाही. आणि गंमत अशी की तो दोन-तीन वर्षं फार चांगला पळाला तर त्याला गोल्ड करतात आणि मग एकदम त्याची लढाई फॅक्टरी, म्हणजे कंपन्यांच्या पगारी ड्रायव्हरांशी सुरू होते, कित्येक चांगली पोरं या पायरीवरच अडकतात. म्हणून गोल्ड व्हायच्या आत एखाद्या कंपनीच्या ज्युनियर प्रोग्रॅमशी नाव जोडलं गेलं पाहिजे.

टीमशी बोलताना पोराला एकट्याला पाठवू नका, त्या वयात गाडी बघून पोरं कशावरही सही करतात. सीझनच्या आकड्यात टायर, टेस्टिंग आणि प्रवास धरलाय का ते विचारा. गाडी ठोकली तर भरपाई कोणाची आणि कुठल्या रकमेपर्यंत, हे लिहून घ्या, कारण जीटी३ चा समोरचा भाग गेला तरी बिल बघून घाम फुटतो, आणि जोडीदारानं ठोकली तर काय तेही त्याच कागदावर यायला हवं. रात्रीचे स्टिंट, म्हणजे चालवायच्या पाळ्या याला देणार का हेही विचारा, नाहीतर वर्षभर दुपारचाच एक तास मिळतो आणि शिकणं होत नाही.

पहिल्या वर्षी पैसे तुमचेच जाणार, तिथं सुटका नाही. पण त्यासाठी प्लॉट विकायला निघाला असाल तर थांबा. कंपन्या येतात तशा जातात. ऑडी २०१६ नंतर गेली, पोर्शे २०१७ नंतर गेली, २०२३ ला परत आली आणि आता २०२५ संपताना हायपरकारमधून पुन्हा गेली. ज्या धंद्यात पोर्शेचा भरवसा नाही तिथं मनीषनगरचा प्लॉट लावू नये, हे माझं मत.

प्रश्न : माझा भाचा सिम रेसिंग, म्हणजे कॉम्प्युटरवरची रेसिंग करतो, म्हणतो गाडी ती गाडी, त्यात काय वेगळं. मला समजत नाही की एका गाडीत तीन जण कसे, ते झोपतात कधी, आणि जिंकलं तर नाव कोणाचं?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, नाव तिघांचं. आणि भाच्याला सांगा, फरक लय आहे.

फॉर्म्युला गाडी एकट्याची असते. सीट त्याच्या अंगाच्या मापाची, पेडल त्याच्या पायाच्या अंतरावर, सेटअप त्याला आवडेल तसा. एंड्युरन्समध्ये एक जण सहा फुटी, दुसरा साडेपाच, म्हणून प्रत्येकाचं आपापलं इन्सर्ट असतं, मूळ सीटवर बसवायची मापाची गादी म्हणा. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर थांबली की आतला ड्रायव्हर बेल्ट सोडतो, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी काढतो, इन्सर्ट ओढून बाहेर पडतो, नवा माणूस स्वतःचं इन्सर्ट टाकून आत घुसतो. मग जो बाहेर आला तोच, दोन मिनिटांपूर्वी ताशी अडीचशेनं पळत होता तो, आत वाकून नव्याचे बेल्ट लावतो, वायर खोचतो, दार लावतो. शेजारी पेट्रोल भरणं चालू असतं, टायर त्यानंतर. पेट्रोल भरून व्हायच्या आत हे उरकलं पाहिजे, नाहीतर ट्रॅकवर कमावलेले सेकंद इथं जातात. यासाठी गॅरेजमध्ये उभ्या गाडीत नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर अशी प्रॅक्टिस चालते, आणि फॉर्म्युलातून आलेली पोरं सुरुवातीला इथंच वैतागतात.

चालवणंही वेगळंच. जीटी३ फॉर्म्युला फोरच्या जवळपास दुप्पट जड, शिवाय तिच्यात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असतं जे फॉर्म्युलात नसतं, त्यामुळे ब्रेक मारायची पायाची सवय नव्यानं लावावी लागते. पेट्रोल वाचवायला वळणाच्या आधीच पाय उचलून गाडी सोडून द्यायची, आणि आजवर ज्यानं शेवटच्या मीटरपर्यंत ब्रेक लांबवायचं शिकलंय त्याला हे जिवावर येतं. वरून ट्रॅफिक. ल मांचा ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा, त्यावर हायपरकार आणि जीटी३ एकाच वेळी पळतात आणि लॅपमागे अर्ध्या मिनिटाच्या आसपास फरक असतो, म्हणजे रात्री मागून सारखे कोणाचे ना कोणाचे हेडलाइट चमकत असतात आणि तुम्ही आपली लाइन न सोडता त्याला जाऊ द्यायचं. सगळ्यात जास्त ठोकाठोकी इथंच होते.

झोपेचं म्हणाल तर एका ड्रायव्हरला सहा तासांच्या अवधीत चार तासांपेक्षा जास्त आणि पूर्ण रेसमध्ये चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. मधल्या वेळात खाणं, मालिश, पडून राहणं. झोप लागतेच असं नाही, बाहेर इंजिनं ओरडत असतात. अंतराचा अंदाज यावा म्हणून सांगतो, २०१० ला ऑडीनं ५,४१० किलोमीटर काढून रेकॉर्ड केलं, समृद्धीवरून नागपूर-मुंबई जाऊन-येऊन जवळजवळ चार चकरा, चोवीस तासांत.

पण मला विचाराल तर सगळ्यात अवघड गोष्ट गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन गप बसणं. २०१६ ला टोयोटा जिंकतच होती, काझुकी नाकाजिमा चालवत होता आणि शेवटची काही मिनिटं उरली असताना गाडीची ताकद गेली, पोर्शे पुढून निघून गेली. त्याचे दोन जोडीदार पिटमध्ये स्क्रीनकडे बघत होते, करणार काय. त्याहून भारी गोष्ट रॉबर्ट कुबित्साची. हा २००८ ला कॅनडात फॉर्म्युला वन जिंकलेला माणूस, २०११ ला रॅलीत अपघात होऊन उजवा हात कामातून गेल्यासारखा झाला. एंड्युरन्सला आला, २०२१ ला ल मांला एलएमपी२ क्लासमध्ये त्यांची गाडी पहिली होती आणि शेवटच्या लॅपला बंद पडली, तेव्हा आत त्याचा जोडीदार ये यिफेई होता. कुबित्सानं एक शब्द वाकडा बोलला असता तरी लोकांनी समजून घेतलं असतं. चार वर्षांनी, २०२५ ला, हेच दोघं आणि फिल हॅन्सन फेरारीतून पूर्ण ल मां जिंकले, आणि शेवटी गाडी फिनिशला घेऊन आला कुबित्सा. भाच्याला ही गोष्ट सांगा, सिमवर जोडीदार म्यूट करता येतो, इथं येत नाही.

प्रश्न : आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री असतं. नागपूरच्या पोराला याचा फायदा होईल का, की उगाच मनाचं समाधान?
— एक फिटनेस ट्रेनर, प्रतापनगर

उत्तर : थोडा होतो. बंद केबिनच्या गाडीत इंजिनची गरमी, वरून फायरप्रूफ सूट, हेल्मेट, त्यामुळे उष्णतेची सवय असलेलं शरीर उशिरा थकतं. पण नुसतं उन्हात राहून फारशी सवय होत नाही, उन्हात व्यायाम करून जास्त होते, आणि दिवसभर एसीत बसणाऱ्या नागपूरकराला तर काहीच फायदा नाही. तुमच्याकडे असा मुलगा आला तर मान, खांदे आणि लांब सायकलिंगवर भर द्या, पाणी किती पितो ते लिहून ठेवा. दुपारी दोनला पळवू नका बरं, हौसेपायी पोट्ट्याला ऊन लागायचं.

प्रश्न : माझं वय ४४, बुटीबोरीला युनिट आहे, गाड्यांचा शौक आहे. मी आता सुरू केलं तर ल मां शक्य आहे का? हसू नका.
— एक उद्योजक

उत्तर : हसत नाही साहेब, उलट सगळ्या टीमा तुमच्यासारख्याचीच वाट बघत असतात. तिशीनंतर पहिलं लायसन्स काढलेला, सिंगल-सीटरचा अनुभव नसलेला माणूस म्हणजे ब्रॉन्झ, आणि ब्रॉन्झशिवाय एलएमजीटी३ ची गाडी ग्रिडवर येऊ शकत नाही. बहुतेक वेळा बजेटही तोच आणतो. तमिळ हिरो अजित कुमारचं उदाहरण लोक देतात, २०२५ च्या दुबई २४ तासांत त्याच्या टीमला क्लासमध्ये तिसरा नंबर आला. पण लक्षात घ्या, त्यानं २००३ लाच फॉर्म्युला बीएमडब्ल्यू आशिया केलं होतं आणि २०१० ला फॉर्म्युला टू, म्हणजे नुसता शौक नव्हता तो.

तुम्ही आधी चेन्नईला एखाद्या रेसिंग स्कूलचा कोर्स करा, लायसन्स काढा, एक सीझन टूरिंग कार, म्हणजे साध्या गाडीवरून बनवलेली रेसिंग कार चालवा. मग आशियातली जीटी सिरीज. ल मांचं आमंत्रण मिळायला अनुभव दाखवावा लागतो, तीन-चार वर्षं धरून चला. आणि वरच्या मनीषनगरच्या काकांचा मुलगा सिल्व्हर आहे, तुम्ही ब्रॉन्झ. दोघांची हरकत नसेल तर संपादकांकडे नंबर ठेवून जा, तिसरा माणूस शोधता येईल.