कूलरचं पाणी दर आठवड्याला बदलतो, तरी घरात डेंग्यू कसा?

पाणी बदलता, पण टाकी घासता का? डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या पत्र्याला चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तगतात आणि पाणी चढलं की फुटतात. नागपूरच्या पावसाळी उष्म्यात 8-10 दिवसांत डास तयार. म्हणून टाकी रिकामी करून कडा आणि कोपरे ब्रशने खरवडून काढा. उन्हाळा संपला की कूलर कोरडा करून झाकून ठेवा, नाहीतर गॅलरीत तो पावसानेच भरतो.

रुग्णालाही दिवसा मच्छरदाणीत झोपवा. हा डास दिवसा चावतो, आणि तापाच्या दिवसांत रुग्णाला चावलेला डास साधारण 8-12 दिवसांनी इतरांना विषाणू देऊ लागतो. हे घरोघरी विसरलं जातं.

आणि प्लेटलेट घटल्या म्हणजे डेंग्यूच, असं कृपया धरू नका. मलेरिया, स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा ताप) यांमध्येही त्या घटतात. खात्रीसाठी रक्ततपासणी करा: तापाच्या पहिल्या 5 दिवसांत एनएस1 एलायझा (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम एलायझा (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). प्रतिपिंडं उशिरा तयार होतात, म्हणून तापाच्या तिसऱ्या दिवशीची आयजीएम निगेटिव्ह आली, तर त्यावरून डेंग्यू नाही असं ठरत नाही.