अल्पाइन सॅक घ्यायची का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी ऐरोलीला राहते. मे महिन्यात ग्रुपबरोबर मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकला जायचं ठरलंय. माझी ६० लिटरची ट्रेकिंग सॅक रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते. दुकानात ३५ लिटरची अल्पाइन क्लाइंबिंगची, म्हणजे बर्फाळ डोंगर चढायची सॅक बघितली, एक किलोच्याही आत, पण कमरेचा पट्टा अगदी पातळ, बाटलीचे खिसे नाहीत आणि किंमत मात्र डबल. घेऊ का? सह्याद्रीतही वापरता येईल का?

उत्तर : अहो, जे नाही म्हणताय ते सगळं मुद्दाम काढलेलं असतं. कमरेचंच बघा, बर्फावर चढताना हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा घातलेला असतो, तो कमरेच्या हाडाच्या जरा वर बसतो आणि सॅकचा जाड फोमवाला पट्टाही नेमका तिथेच येतो, मग हार्नेसच्या लूपमधले कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) त्याच्याखाली दबतात आणि जाड ग्लोव्हज घालून ते ओढून काढायचे म्हणजे जीव जातो. म्हणून पट्टा पातळ किंवा सरळ सुटा होणारा. वरचं झाकणही बऱ्याच सॅकना सुटं करता येतं, कारण हेल्मेट घालून मान वर केली की मागे आपटतं आणि वरचा उतार दिसतच नाही. बाजूच्या जाळीच्या खिशात बर्फ शिरतो आणि बाटली सटकली की गेलीच खाली. बाटली सॅकच्या आत, जॅकेटमध्ये गुंडाळून आणि उलटी ठेवायची, पाणी वरून गोठायला लागतं ना, बूच खाली असलं की ते जाम होत नाही, हे मोठ्या सॅकमध्येही करा. आणि हो, काही सॅकमधला पाठीचा फोम बाहेर निघतो, बर्फावर बसायला फार कामाचा.

तरी माझं मत विचाराल तर या एका ट्रिपसाठी घेऊ नका. अशा फ्रेम (पाठीमागचा कडक सांगाडा) नसलेल्या सॅकमध्ये बारा-पंधरा किलो भरलं की सगळं वजन खांद्यावर येतं, म्हणजे ती हलकी सॅक आत सामान कमी असेल तरच सुखाची. आधी ग्रुप लीडरला विचारा, बेस कॅम्पपर्यंत टेंट, स्लीपिंग बॅग खेचरावर जाणार की तुमच्या पाठीवर. पाठीवर असेल तर ६० लिटरवालीच हवी. खेचर असेल तरी समिटच्या दिवशी जॅकेट, पाणी, खाणं, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी दाते) एवढंच असतं, तीच सॅक बाजूचे पट्टे आवळून बारीक करा, झाकण सुटत असेल तर काढा, ५,२८९ मीटरवरच्या शिखरापर्यंत आरामात जाईल. फक्त आइस अ‍ॅक्स अडकवायचा लूप आहे ना ते बघा, आणि क्रॅम्पॉन कव्हरमध्ये घालूनच भरा, नाहीतर त्याचे दात कापड फाडतात. पुढे उत्तरकाशीच्या निम (नेहरू गिर्यारोहण संस्था) मधून बेसिक, अ‍ॅडव्हान्स कोर्स करून खरंच टेक्निकल चढाईत रमलात तर मग बिनधास्त घ्या, तेव्हा ते पैसे वसूल होतील.

सह्याद्रीत? वापरता येईल, पण मला जिवावर येतं. आपला कातळ खरखरीत, त्यात करवंदीच्या जाळ्या, इतकं महागडं पातळ कापड त्यात घासायचं कशाला. येऊरला किंवा पारसिकच्या डोंगरावर सराव करताना जुनीच वापरा, पाण्याच्या बाटल्या भरून.

प्रश्न : माझी उंची ५ फूट ११ इंच, सॅक एम साइज घेऊ की एल? (घोडबंदर रोडवरून एक वाचक)

उत्तर : उंचीवरून ठरवू नका, पाठीची लांबी मोजा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत घरातल्या कुणालातरी टेप लावायला सांगा आणि ते माप कंपनीच्या चार्टवर बघा. दुकानात रिकामी सॅक घालून निघू नका, आठ-दहा किलो भरायला लावा आणि जिने चढून-उतरून बघा.