रोज वापरायचे घड्याळ: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत मनगटी घड्याळाविषयी बरेच प्रश्न आले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: कामावर आणि एरवीही वापरता येईल असे एकच घड्याळ घ्यायचे आहे. फार खर्च करायचा नाही, पण आठ-दहा वर्षे टिकावे. सेलवर चालणारे घ्यावे, ऑटोमॅटिक घ्यावे की डिजिटल?

सेलवर चालणारे क्वार्ट्झ घ्या, मग ते काट्यांचे असो वा आकड्यांचे. कमी पैशांत याहून भरवशाचे काही मिळत नाही. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट ही संख्या पंधरा वेळा निम्मी करते आणि सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. त्यामुळे साधे क्वार्ट्झही महिन्याला १५ ते ३० सेकंदांच्या आतच मागेपुढे होते. ऑटोमॅटिकचा, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाचा, हिशेब वेगळा आहे. परवडणाऱ्या अनेक घड्याळांत सेकोचे एनएच३५ हे यंत्र असते. कंपनीनेच त्याला दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सूट दिली आहे. पूर्ण चावी भरल्यावर ते ४१ तास चालते, म्हणजे शनिवार-रविवार काढून ठेवले की सोमवारी वेळ लावत बसायचे. काही वर्षांनी ते उघडून, धुऊन तेल घालावे लागते आणि स्वस्त घड्याळात हा खर्च मूळ किमतीच्या जवळ जाऊ शकतो. ऑटोमॅटिकची आवड असेल तर जरूर घ्या, पण रोजच्या धावपळीचे एकुलते एक घड्याळ म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

आता टिकण्याविषयी. स्वस्त घड्याळात यंत्र सहसा शेवटी जाते. त्याच्या आधी मुलामा उडतो, काचेवर चरे पडतात, पट्ट्याची पिन निसटते, रबरी रिंग कडक होऊन पाणी आत शिरते. म्हणून तबकडीवर भाळण्याआधी घड्याळ उलटे करून पाहा. मागे नुसते ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिले असेल तर स्टीलचे आहे ते फक्त झाकण. डबी म्हणजे केस बहुतेक पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते, वरून मुलामा दिलेली. रोज घाम लागला की पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या आतल्या बाजूने मुलामा काळवंडू लागतो, मग त्याचे पोपडे निघतात. पुन्हा मुलामा देता येतो, पण या किमतीच्या घड्याळात ते परवडत नाही. माहितीपत्रकात ‘केस: स्टेनलेस स्टील’ असे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘३१६एल’ हा स्टीलचा प्रकार असेल तर उत्तम.

झाकण कसे बसवले आहे तेही पाहा. कडेला नख किंवा पाते घालायला एकच खाच असेल तर ते दाबून बसवलेले आहे. गोलाकार कडेवर समान अंतराने खाचा असतील तर ते आट्यांचे, फिरवून घट्ट होणारे. आट्यांचे झाकण पाणी जास्त चांगले अडवते आणि दर वेळी सेल बदलताना वाकण्याची भीती नसते. कोपऱ्यांत चार स्क्रूंचे झाकणही चालते, फक्त स्क्रू बारीक असतात आणि त्यांच्या आट्या लवकर मरतात.

काचेचा हिशेब सोपा आहे. धूळ आणि वाळूतले क्वार्ट्झचे कण कठीणपणाच्या मोहस मापावर ७ अंशांचे असतात. साधी मिनरल काच साडेपाच-सहाच्या आसपास, नीलम (सॅफायर) काच ९. म्हणजे भिंतीला हात घासला तर मिनरल काचेवर चरा उठणार, नीलम काचेवर नाही. पण नीलम काच ठिसूळ असते, फरशीवर धारेवर पडली तर फुटू शकते. ॲक्रिलिक काच सगळ्यांत मऊ. तिच्यावर चरे रोज पडतात, पण पॉलिश लावून मऊ कापडाने पाच मिनिटे घासले की बरेचसे निघतात, आणि ती सहसा फुटत नाही. कचेरीतल्या कामाला नीलम काच परवडत असेल तर घ्या. नसेल तर काचेपेक्षा डबीची कड किंचित वर आलेले मिनरल काचेचे घड्याळ निवडा. घासले जाते ती कड, काच वाचते.

मापासाठी मनगटाची वरची सपाट रुंदी पट्टीने मोजा. घड्याळाच्या वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतची लांबी त्याहून चार-पाच मिलिमीटर तरी कमी हवी. तबकडीचा व्यास सगळे सांगतात, ही लांबी कोणी सांगत नाही आणि बेढब दिसते ते हिच्यामुळे. पूर्ण बाहीचे शर्ट घालत असाल तर जाडी ११ मिलिमीटरच्या आत ठेवा.

आणि दिसण्याची फिकीर नसेल तर कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू पाहा. १९८९ पासून जवळपास त्याच रूपात मिळते, वजन २१ ग्रॅम, सेल सुमारे सात वर्षांचा. डबी प्लास्टिकची असल्याने मुलाम्याचा प्रश्नच नाही. दिवा मात्र अगदी मिणमिणता आहे आणि पोहायला ते योग्य नाही.

प्रश्न: घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिले आहे. तरी गरम पाण्याने आंघोळ करताना हातात राहिले आणि काच आतून धुरकट झाली. कंपनीने फसवले का?

फसवले नाही, पण तो आकडा गैरसमज करून देणारा आहे हे खरे. ३० मीटर म्हणजे ३ बार (बार हे दाबाचे माप). नवेकोरे घड्याळ, स्थिर दाब, साधे पाणी अशा परिस्थितीतली ती चाचणी असते. ३० मीटर खोल जाता येते असा तिचा अर्थ नाही. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे आणि पाऊस. पोहायचे असेल तर किमान ५० मीटर, नेहमी पोहत असाल तर १०० मीटर हवे. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे मानक आहे, त्याची अट किमान १०० मीटरची.

गरम पाणी तर त्याहून वाईट. उष्णतेने रबरी रिंग आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि जिथे साधे पाणी अडले असते तिथून साबणाचे पाणी सरकते. त्यात वाफ. १०० मीटरचे घड्याळसुद्धा गरम पाण्याच्या आंघोळीला काढून ठेवा.

धुरकटपणा उबेत निघून जाईल, पण ओलावा आतच राहील. जी रिंग पाणी बाहेर ठेवते तीच त्याला बाहेरही जाऊ देत नाही. उन्हात ठेवून उपयोग नाही. काही दिवसांत काट्यांवर ठिपके येतात, मग चावीच्या दांड्याला गंज चढतो. म्हणून एक-दोन दिवसांत घड्याळजीकडे नेऊन झाकण उघडून घ्या, सेल काढून आतला भाग सुकवून घ्या आणि रिंग बदला. समुद्राचे पाणी गेले असेल तर त्याच दिवशी न्या. मीठ थांबत नाही.

दुरुस्तीनंतर एक चाचणी घरी करता येते. घड्याळ अर्धा तास हातात घालून कोमट होऊ द्या. मग काढून काचेवर गार पाण्याचा मोठा थेंब ठेवा आणि मिनिटभराने पुसा. थेंबाच्या जागी काचेच्या आतून धुके दिसले तर ओलावा अजून आत आहे.

प्रश्न: सेल बदलून पाच महिने झाले आणि घड्याळ पुन्हा बंद. यंत्र गेले असावे का?

आधी सेल काढून त्यावरची अक्षरे वाचा. ‘एसआर’ने सुरू होणारा सेल सिल्व्हर ऑक्साइडचा असतो, १.५५ व्होल्टचा, आणि संपेपर्यंत विजेचा दाब जवळपास सारखा ठेवतो. ‘एलआर’ म्हणजे अल्कलाइन. तो स्वस्त असतो, त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो गळण्याची शक्यताही जास्त. दोन्ही एकाच मापात मिळतात म्हणून अदलाबदल होते. काट्यांच्या अनेक घड्याळांत एसआर६२६एसडब्ल्यू लागतो: ६.८ मिलिमीटर व्यास, २.६ मिलिमीटर जाडी. त्याच जागी एलआर६२६ अगदी बरोबर बसतो, घड्याळ चालूही होते, आणि काही महिन्यांत थांबते. तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय हाच.

सेल बरोबर असेल तर दोन शक्यता उरतात: सेल दुकानात जुना झालेला होता, किंवा यंत्रातले तेल सुकून मोटरला जास्त वीज लागते आहे. दुसऱ्या प्रकारात घड्याळजी यंत्र किती वीज ओढते ते मोजून सांगू शकतो. साध्या यंत्राची किंमत बहुधा फार नसते, तेव्हा स्वच्छ करण्यापेक्षा पूर्ण यंत्र बदललेले परवडते.

सेल बदलताना समोर उभे राहून तीन गोष्टी पाहा. सेल उघड्या बोटांनी न धरता प्लास्टिकच्या चिमट्याने धरला पाहिजे. रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावला पाहिजे. खाचेत एक केस राहिला तरी पाणी शिरायला वाट मिळते. आणि दाबून बसणारे झाकण साच्याच्या यंत्राने सरळ दाबले पाहिजे. अंगठ्याने जोर दिला तर एका बाजूने रिंग चेमटते, कधी काचही तडकते.

सेकंदकाटा एकदम दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला तर घाबरू नका. अनेक घड्याळांत सेल संपत आल्याची ती खूण असते. आणि संपलेला सेल घड्याळात पडून राहू देऊ नका. गळला की सर्किट आणि तांब्याचे वेटोळे दोन्ही खातो.

सेलची कटकटच नको असेल तर प्रकाशावर चालणारे घड्याळ पाहा. सिटिझनने काट्यांचे असे पहिले घड्याळ १९७६ साली काढले, आता इतर कंपन्यांचीही मिळतात. ती कपाटात अंधारात महिनोन्‌महिने ठेवायची नाहीत, आणि चार्ज करायला गरम बल्बच्या अगदी जवळही नाही. खिडकीजवळचा उजेड पुरतो.

प्रश्न: पट्ट्याची पिन दोनदा निसटली, घड्याळ पडले. पट्टाच बदलू का?

पट्टा नको, पिन बदला. दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेली ती बारीक दांडी पट्ट्याच्या रुंदीइतकीच लांब हवी. कानांमधले अंतर २० मिलिमीटर आणि पिन १८ची असेल तर टोके भोकांत जेमतेम टेकतात आणि झटका बसला की सुटतात. कानांमधले अंतर मोजून त्याच मापाची, दीड मिलिमीटर जाडीची स्टीलची नवी जोडी घ्या. भोकात जात असेल तर १.८ची अधिक चांगली. बसवल्यावर पट्टा जोरात ओढून आणि पिळून पाहा, टिक असा आवाज करून टोक भोकात बसले पाहिजे. घामाने पिन आतून गंजते, त्यामुळे पट्टा बदलाल तेव्हा पिनाही बदला.

जास्त सुरक्षितता हवी तर घड्याळाच्या मागून आरपार जाणारा अखंड नायलॉनचा पट्टा घ्या. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहते. नवे घड्याळ घेताना कानांमधले अंतर १८, २० किंवा २२ मिलिमीटर असे नेहमीचे आहे ना, एवढे पाहाच. काही प्लास्टिकच्या घड्याळांना त्यांचाच खास आकाराचा पट्टा लागतो. तो काही वर्षांनी कडक होऊन चिरतो आणि बदली पट्टा मिळाला नाही तर चालते घड्याळ पडून राहते.

प्रश्न: मी यंत्रशाळेत आहे, हातोडा आणि ड्रिल रोजचे. कोणते घड्याळ टिकेल?

फिरत्या यंत्रावर काम करताना कोणतेच घालू नका. पट्टा अडकला तर हात ओढला जातो, आणि घड्याळ जितके मजबूत तितके ते उशिरा तुटते. विजेच्या जोडण्या किंवा मोठ्या बॅटऱ्या हाताळताना धातूचे घड्याळ नको. दोन टोकांना एकदम टेकले तर क्षणात तापून मनगट भाजते.

बाकीच्या वेळेसाठी धक्के सोसणारे डिजिटल घ्या. कॅसिओने १९८३ मध्ये जी-शॉक काढले, तेव्हा अभियंता किकुओ इबे यांच्यापुढे उद्दिष्ट होते: १० मीटरवरून पडले तरी चालावे, १० बार दाब सोसावा, सेल १० वर्षे पुरावा. आतले यंत्र डबीला सगळीकडून चिकटलेले नसते, मोजक्या मऊ आधारांवर टेकलेले असते, म्हणून धक्का पोचेपर्यंत विरतो. ऑटोमॅटिक मात्र ड्रिलच्या सततच्या कंपनांत घालू नका, त्यातले बारीक स्क्रू आणि चावी भरणारे वजनचक्र ढिले होते.

प्रश्न: परिचारिका आहे. नाडी मोजायला आणि सतत हात धुवायला चालेल असे सुचवा.

रुग्णालयात कोपराखाली काही घालायला मनाई असेल तर गणवेशावर टाचायचे, उलट्या तबकडीचे घड्याळ घ्या. मनगटावर चालत असेल तर सेकंदकाटा ठळक आणि साठही खुणा स्पष्ट हव्यात, म्हणजे १५ किंवा ३० सेकंद चटकन मोजता येतात. पट्टा गुळगुळीत सिलिकॉनचा, पाणी ५० मीटर. चामडे आणि कापड नको. ॲक्रिलिक काचही टाळा, निर्जंतुक करण्याच्या स्पिरिटने तिच्यावर बारीक तडे पडू शकतात.

प्रश्न: स्टीलच्या पट्ट्याखाली खाज सुटते. निकेलची ॲलर्जी असेल का?

लालसरपणा कुठे आहे ते पाहा. फक्त बकलाच्या किंवा झाकणाच्या आकाराचा डाग असेल तर निकेलचा संशय घ्या. ३१६एल स्टीलमधून निकेल फार थोडे सुटते, मुलामा झिजलेल्या बकलातून जास्त. संपूर्ण पट्ट्याखाली असेल तर बहुधा अडकलेला घाम आणि साबण. पट्टा काढून कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने कड्यांच्या फटी घासा, पूर्ण सुकवा, रात्री घड्याळ काढून झोपा आणि दिवसा एका कड्याने सैल ठेवा. आठवडाभरात फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून करायची ॲलर्जीची चाचणी) करून घ्या. निकेलच निघाले तर टायटॅनियमचे घड्याळ घ्या, किंवा आहे त्यालाच मागून जाणारा अखंड कापडी पट्टा लावा, म्हणजे झाकण त्वचेला लागणार नाही. फक्त त्याचे बकलही टायटॅनियमचे किंवा प्लास्टिकचे आहे ना, ते तपासून घ्या.