सोलापूरच्या अग्निशमन दलात माणसं पुरेशी आहेत का, हे बाहेरच्या माणसानं कसं तपासायचं?

माहिती अधिकारात मंजूर, भरलेली आणि रिक्त पदांचा तक्ता मिळाला, आता त्यावरून अहवाल कसा लिहायचा, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या त्या तक्त्यावरून लिहू नका. आकृतिबंध, म्हणजे कुठल्या हुद्द्याची किती पदं असावीत याचा मंजूर आराखडा, कधी मंजूर झालाय ते आधी बघा. शहर जुळे सोलापूरच्या पुढं गेलं आणि आकृतिबंध पेठांपुरताच राहिला असेल, तर सगळी पदं भरूनही माणसं कमीच पडणार. शिवाय 'भरलेलं पद' म्हणजे गाडीवर चढणारा माणूस नव्हे. त्यात दीर्घ रजेवरचा असतो, दुसऱ्या विभागात कामाला लावलेला असतो, गुडघे गेले म्हणून फोनवर बसवलेलाही असतो.

खरं गणित एका जागेला किती माणसं लागतात, याचं आहे. बंबावरची एक जागा वर्षाचे ३६५ दिवस, २४ तास भरलेली हवी, म्हणजे ८,७६० तास. आता एक माणूस किती तास देतो? ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा वजा करा. आजारपणाचे सरासरी १० आणि सराव-प्रशिक्षणाचे १० धरा. उरले २५५ दिवस. ८ तासांच्या पाळीनं २,०४० तास. ८,७६० ला २,०४० नं भागा, उत्तर ४.३ येतं. 'तीन पाळ्या, म्हणून जागेला ३ माणसं' असं जो सांगतो, त्यानं कधी कुणाचा रजेचा अर्ज हातात धरलेला नसतो.

एका बंबावर ६ जण धरा: चालक, लीडिंग फायरमन (तुकडीचा म्होरक्या) आणि ४ फायरमन. तीनच्या हिशेबानं १८ लागतात, खऱ्या हिशेबानं २६. ही ८ माणसांची तूट कागदावर कुठंच दिसत नाही. ती दिसते पहाटे, जेव्हा गाडी ६ ऐवजी ३ जणांवर निघते. तिघांत काय होतं बघा. चालक पंपापासून हलू शकत नाही. उरले दोघं. धुरात श्वसनसंच लावून जोडीनंच आत जायचं असतं आणि त्यांच्यासाठी तयारीत दोघं बाहेर हवेत. बाहेर कुणीच नाही, म्हणून मग दारातूनच पाणी मारलं जातं आणि लोक म्हणतात जवान घाबरले. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागून ८ जण गेले. पहाटेच्या पाळीचा हजेरीपट मागा म्हणतो ते उगाच नाही.

सोलापुरात कापड-सुताची आग हा वेगळाच हिशेब. ४,५०० लिटरचा बंब मिनिटाला ४५० लिटरच्या दोन नोझलवर ५ मिनिटांत रिकामा होतो. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात रस्त्यावरच्या हायड्रंटवर (बंब भरायच्या नळावर) विसंबता येत नाही, म्हणून टँकरच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला चालक. वरून विझलेली सुताची गाठ (बांधलेला गठ्ठा) आतून धुमसत राहते. ती फोडून भिजवेपर्यंत गाडी तिथंच अडकते. म्हणून वर्षात किती वर्द्या, म्हणजे मदतीसाठी आलेले फोन, आल्या याला फारसा अर्थ नाही. एक वर्दी चालू असताना दुसरी किती वेळा आली, ते मोजा.

त्यासाठी वर्दी रजिस्टर, गाड्यांची लॉगबुकं आणि पाळीनिहाय हजेरीपट, केंद्रवार, १२ महिन्यांचे मागा. कमी वेळ असेल तर मार्च ते मे, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आणि गणपती विसर्जन एवढं पुरे. यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला होम मैदानावर गाडी उभी असते तेव्हा तिच्या केंद्रात मागं कोण उरतं, हे त्यातच सापडतं. फोन आला, गाडी निघाली, पोचली, या तिन्ही वेळा उतरवून घ्या. सरासरी काढू नका. १०० वर्द्या पोचायला लागलेल्या वेळेच्या चढत्या क्रमानं लावून ९०वी बघा, म्हणजे उशिराच्या वर्द्या सरासरीत दडत नाहीत. सगळ्या वेळा शून्य नाहीतर पाचावर संपत असतील, १०.०५, १०.१०, तर रजिस्टर मागाहून भरलंय समजा आणि ती पानं बाजूला ठेवा.

चालक वेगळे मोजा. ५ गाड्या आणि पाळीला २ चालक असतील तर तुमच्याकडे २ गाड्या आहेत, बाकीच्या शोभेच्या. नवीन बंबाला हार घालून फोटो काढणाऱ्यांशी माझं भांडण जुनंच आहे: गाडी एका निविदेत येते, फायरमनचा नुसता अभ्यासक्रम ६ महिन्यांचा, त्याआधी बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी), जाहिरात, मैदानी चाचणी. म्हणून आधी माणसांची फाईल हलवा, मग गाडीची.

रचनेबद्दल एवढंच: इमारतींची तपासणी, ना-हरकत दाखले आणि 'नमुना ब' ची (इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याची) प्रमाणपत्रं तपासायचं काम पाळीवरच्या केंद्र अधिकाऱ्याकडेच असेल, तर दोन्ही कामं अर्धवट होतात. आग प्रतिबंधाच्या २००६ च्या राज्य कायद्याची ही कामं वेगळ्या माणसाकडं हवीत.

आणि हो, केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचे निकष आंधळेपणानं लावू नका, ते सल्ल्याच्या स्वरूपाचे आहेत. १० चौरस किमीला एक केंद्र म्हटलं तर सुमारे १७८ चौरस किमीच्या हद्दीला १८ केंद्रं होतात, पण या हद्दीत शेतं आणि माळरानही आलं. ३ लाख लोकसंख्येपर्यंत ५० हजारांना एक पंप (म्हणजे बंब), पुढं लाखाला एक, या हिशेबानं २०११ च्या साडेनऊ लाखांना १३ पंप, गुणिले २६, म्हणजे ३३८ माणसं, अधिकारी सोडून. हा आकडा नेलात तर आस्थापना खर्चाची, म्हणजे पगार-भत्त्यांवरच्या खर्चाची, ३५ टक्क्यांची मर्यादा दाखवून तुम्हाला चहा पाजतील आणि वाटेला लावतील. त्यापेक्षा रोज पहाटे ३ वाजता पूर्ण ६ जणांनिशी किती बंब तयार होते, हा ९० दिवसांचा तक्ता ठेवा पुढं. रजेचे माझे आकडे ढोबळ आहेत, मनपाच्या आस्थापना विभागातून खरे घेऊन ४.३ पुन्हा काढा. भरपाई रजा धरली तर तो वाढेलच.