उघडा चिरा

प्रिय बाये,

ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या मोजणीत तुझे चार-चार दिवस जायचे, ती आता कॉम्प्युटर चहा होईपर्यंत करून देतो, मग मी आर्किटेक्चर शिकले ते कशासाठी, असं तू विचारलंस. प्रश्न खरा आहे. तुला नुसता धीर देऊन मी तो टाळणार नाही.

त्या एआयला ‘गोव्याचं घर’ काढायला सांगून बघ. कौलं, बल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, आणि उघड्या चिऱ्याच्या तांबूस भिंती मिळतील. चित्र देखणं असतं. पण ते फोटो बघून शिकलंय, आणि फोटोला ओल लागत नाही. आपल्या जुन्या घरांना चुन्याचा गिलावा असायचा, तो शोभेपुरता नव्हता. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो, तरी त्याची भोकं बुजत नाहीत. त्यात आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुने गोव्याची बॉम जेझू बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली. तिचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात खरवडून काढला, आणि तेव्हापासून तो चिरा झिजतोच आहे.

हे मला फार उशिरा कळलं. डिचोलीकडच्या एका घराला मी पश्चिमेची भिंत उघड्या चिऱ्याची दिली, वळचण जेमतेम दीड फूट. “सर, झड थेट भिंतीवर येतली,” असं गवंड्याने जोत्यावर उभं राहून सांगितलं होतं. मी नकाशा दाखवून त्याला गप्प केलं. दुसऱ्या पावसाळ्यात घरच्या वहिनींनी मला बोलावलं. शब्दही न बोलता कपाट पुढे ओढलं आणि मागची काळी बुरशी दाखवली. लुगड्यांच्या घड्यांना कुबट वास येत होता.

मोजणी, उन्हाचे कोन, एकाच प्लॉटवर पाच प्लॅन हे सगळं मशीनकडून खुशाल करून घे. मीही घेतो. काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पहिली दोन वर्षं मी चिरे हाताने मोजले, आणि त्या कंटाळवाण्या कामातच मला कळलं की खिडकी चार बोटं सरकवली तर कितीतरी चिरे कापायचे वाचतात. तुमच्या पिढीची ती शाळाच बंद होतेय. म्हणून वाचलेले चार दिवस ऑफिसला परत देऊ नकोस, साइटसाठी मागून घे. नाही म्हणाले तर रविवारी जा. गवंड्याजवळ उभी राहा, तो कुठला चिरा बाजूला टाकतो ते बघ आणि का टाकलास ते विचार.

नकाशावर सही तुझी असते. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टखाली नोंदणी माणसाची होते, आणि भिंतीला ओल आली की फोनही माणसालाच येतो.

चांगली सर आली की एकदा जुने गोव्याला जा. छत्री घेऊन बासिलिकेच्या बाहेर अर्धा तास थांब. पाणी कुठून उतरतं, कुठल्या थरात मुरतं, कुठे चिऱ्याच्या कडा गोल झाल्यात, ते वहीत काढ. फोटो नको. वही घेऊन घरी ये, आपण बसून बघू.

तुझे सर