युनिट, किलोवॅट आणि मधेच घुसलेलं ‘प्रति तास’

प्रश्न असा आला आहे: गीझरवर ‘2000 वॅट’ लिहिलेलं असतं, म्हणजे तो 2 युनिट वीज खातो का? आणि ‘युनिट’ऐवजी ‘एकक’ म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर झटकन देतो. किती वेळ चालला हे कळल्याशिवाय युनिट सांगताच येत नाहीत. तो गीझर सलग अर्धा तास तापत राहिला तर 1 युनिट. 10 वॅटचा एलईडी दिवा 100 तास चालू राहिला तरी 1 युनिटच. वॅट ही वीज खाण्याची गती, युनिट म्हणजे खाऊन झालेली वीज.

इतकं सरळ असताना बातम्यांत, जाहिरातींत, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी ‘किलोवॅट प्रति तास’ ऐकू येतं आणि डोक्यात तिडीक जाते. ‘प्रति’ म्हणजे भागाकार. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, आणि तो गुणाकार आहे. वॅटच्या पोटात ‘दर सेकंदाला’ आधीच बसलेलं असतं: 1 वॅट म्हणजे सेकंदाला 1 ज्यूल, आणि ज्यूल हे ऊर्जेचं माप. त्याला वेळेने गुणलं की निव्वळ ज्यूल उरतात, 1 युनिटचे 36 लाख. ‘किलोवॅट प्रति तास’ला अर्थ आहे, पण तो वेगळाच. वीजकेंद्राची निर्मिती तासाभरात किती किलोवॅटने चढली वा उतरली, हे त्यात सांगता येईल. घरच्या बिलात त्याचं काही काम नाही.

काही जण याचं खापर आळशी भाषांतरावर फोडतात. अजिबात पटत नाही. इंग्रजी ‘किलोवॅट अवर’मध्ये ‘पर’ नाहीच, मग भाषांतर कशाचं केलं? माझ्या मते खरा गुन्हेगार ‘किलोमीटर प्रति तास’ आहे. आधी ‘किलो’ आणि पुढे ‘तास’ आला, की जीभ सवयीने मधे ‘प्रति’ घालते. व्याकरणात याला मिथ्यासादृश्य म्हणतात. इंग्रजी बोलणारेही नेमकं हेच चुकतात, कारण वाहनाचा वेग त्यांच्याही कानात पक्का बसलेला आहे. मराठीला तर समास हाताशी आहे. 10 माणसांनी 3 दिवस काम केलं तर 30 मनुष्यदिवस झाले असं आपण म्हणतो. ‘मनुष्य प्रति दिवस’ कोणी म्हणत नाही. तसंच ‘किलोवॅटतास’ म्हणा, जोडून लिहा. प्रश्न मिटला.

आता ‘युनिट’. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो मुळात एका लांबलचक नावाचं शेपूट आहे. अभियंता विल्यम सीमेन्सने 1882 मध्ये वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटचं नाव शक्तीच्या, म्हणजे ऊर्जा वापरण्याच्या गतीच्या, मापाला सुचवलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वीजपुरवठ्याचा कायदा झाला आणि त्यावर देखरेख आली ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या व्यापार खात्याकडे. म्हणून किलोवॅटतासाला तिथे ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणू लागले. पुढे खातं गळालं, युनिट उरलं, आणि माझी खात्री आहे की आपल्या मीटरवरचं युनिट हेच. म्हणजे हा प्रयोगशाळेतला शब्द नव्हेच, विक्रीचं माप म्हणून तो जन्मला.

म्हणूनच परिभाषावाल्यांचा ‘एकक’चा आग्रह मला चुकीचा वाटतो. एकक हे जातीचं नाव आहे. मीटर हे एकक, सेकंद हे एकक. ‘या महिन्यात 90 एककं झाली’ म्हटलं तर कशाची, हे विचारावंच लागेल. ‘90 युनिट झाली’ म्हटलं की विजेशिवाय दुसरं काही मनात येत नाही. असा नेमका शब्द टाकून ढिला शब्द का घ्यायचा?

याच मंडळींच्या कोशांत ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ एकमेकींच्या जागी बिनदिक्कत फिरतात, ते आधी सुधारा. ‘अश्वशक्ती’ बरोबर आहे, कारण ती गती आहे, सुमारे 746 वॅट. ‘सौरशक्तीची बचत’ मात्र चूक. साठते आणि वाचते ती ऊर्जा. वेदांत ‘ऊर्ज्’ म्हणजे रस, अन्नातलं सत्त्व, बळ. वैदिक मासनामांत आश्विन ‘इष’ आहे आणि कार्तिक ‘ऊर्ज’. शरदातल्या महिन्याला हे नाव! ‘एनर्जी’ हा शब्द ‘ऊर्जा’वरूनच निघाला असं छातीठोक सांगणारे भेटतात, त्यांनी हे ऐकून ठेवावं: तो ग्रीक ‘एनेर्गेइआ’पासून आला, आणि त्यातलं ‘एर्गोन’ म्हणजे काम.